एलियनचे शब्द

ॲम्बल,
मंगळवार, ४ मार्च

ब्रायनी,

तू माझा फोन घेत नाहीस, म्हणून पत्र. ॲबरडीनच्या धक्क्यावर तू बोटीत चढताना मी जे बोलले, ते मागे घेण्यासाठी हे लिहीत नाही. तू परत कधी येणार हे विचारण्यासाठीही नाही. एफीची एक गोष्ट मला समजत नाही. तू तिची आई आहेस, तुला कदाचित समजेल.

जाण्याआधी तू मला विचारलं होतंस, की हॉस्पिटलात लोकांचे कान तपासण्याचं चांगलं काम सोडून मी पहिलीच्या पोरांपुढे दिवसभर श्-श् काय करत बसते. तेव्हा मी उत्तर दिलं नव्हतं. आता देते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मुलं आधी एकेका अक्षराचा आवाज शिकतात. मग जोड्या येतात. एस आणि एच शेजारी आले की दोघांचा मिळून एकच आवाज होतो, श्. शेवटी 'अ' लावायचा नाही. तो लागला की पुढचा आवाज जोडताच येत नाही, आणि घरोघरचे आईबाप नेमका तोच लावतात. श् म्हणताना आम्ही ओठांवर बोट ठेवतो. सी-एचच्या च् साठी आगगाडीच्या चाकासारखे हात फिरवतो. टी-एचसाठी जीभ दातांत धरून बाहेर काढायची. शाळेत जीभ दाखवायची परवानगी तेवढीच असल्यामुळे ती जोडी सगळ्यांची आवडती. शब्दाखाली खुणा करतो, एकट्या अक्षराखाली ठिपका आणि जोडीखाली रेघ. 'शिप' म्हणजे रेघ, ठिपका, ठिपका. बोट फिरवत आवाज म्हणायचे आणि मग एका दमात जोडायचे.

आणि मग एलियनचे शब्द. मुलं चित्र बघून किंवा पाठ करून शब्द ठोकून देतात. ते पकडण्यासाठी आम्ही मुद्दाम बिनअर्थाचे शब्द देतो. शॉब, चेग, थझ. प्रत्येकाशेजारी एक हिरवा-जांभळा प्राणी असतो. मी वर्गाला सांगते, हा खरा शब्द नाही, हे या एलियनचं नाव आहे, त्याचा अर्थ फक्त त्यालाच माहीत. जूनमध्ये पहिलीच्या सगळ्या मुलांची तपासणी होते. एकेकाला वेगळं बसवून शब्द वाचायला देतात, अर्धे खरे आणि अर्धे एलियनचे.

कच्चं मूल खरे शब्द कसेबसे ओळखतं आणि एलियनपाशी अडतं. हे मी पुस्तकात वाचलंय आणि वर्गातही दरवर्षी पाहते. एफीचं उलटं आहे. आज मी तिला एकटीला घेऊन बसले होते.

"हा कोण?"

"चेग."

"आणि हा?"

"थझ." जीभ अगदी जिथे हवी तिथे.

"हे बघ बरं." मी 'फिश' लिहिलेलं कार्ड पुढे केलं. खिडकीतून बंदर दिसत होतं आणि धक्क्यावर मासळीचे खोके उतरत होते.

तिने कार्डाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "हे मला नाही येत, मिस."

"एक-एक आवाज म्हण. पहिला कुठला?"

"नाही येत, मिस."

शाळेच्या फाटकाच्या आत मी मिस आणि बाहेर मावशी. हा नियम तिने स्वतः केलाय आणि ती तो मोडत नाही.

ती रडवेली झाली नव्हती, घाबरलेलीही नव्हती. ती समाधानी दिसत होती. हा शब्द मी विचार करून लिहिला आहे.

तुझ्यापुढे ती कधी एखादा शब्द वाचायची का? एवढंच कळव.

हेझल


शनिवार, २२ मार्च

ब्रायनी,

तुझं कार्ड मिळालं. पफिन पक्ष्याचं चित्र चांगलं आहे. मागे एवढंच होतं: "ती तुझा प्रयोग नाही. तिला सोड." मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यात नाही.

मी तिचे कान तपासले. कार्ड येण्याच्या आधी, म्हणून राग धरू नकोस. हॉस्पिटलातल्या जुन्या मैत्रिणीने खोली रिकामी करून दिली. एफीला हेडफोन आवडले. अगदी बारीक आवाजालाही ती बटण दाबत होती, कधीकधी मशीनच्याही आधी दाबते की काय असं वाटावं इतकी ती टपून बसली होती. कान उत्तम आहेत. डोळे शाळेत तपासून झाले, तेही ठीक.

बुधवारी क्रेगला बोटींच्या कारखान्यात उशीर होतो, म्हणून त्या दिवशी एफीला मी तुमच्या घरी नेते आणि जेवू घालते. हे तू कोणाकडून तरी ऐकशीलच, तर माझ्याकडूनच ऐक. तुझ्या स्वयंपाकघरातलं मी काही हलवलेलं नाही. चहाचा डबा अजून चुकीच्या फळीवर आहे.

या बुधवारी क्रेग आला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं, शेवटी तो तिचा बाप आहे. तो वाटाणे चिवडत ऐकत होता.

"हट्टी आहे," तो म्हणाला. "आईवर गेलीय." मग माझ्याकडे बघून, "हे तू तिला लिहिशील."

"लिहीन."

"लिही. आणि तिला सांग, शेगडीचा तो मागचा बर्नर मी दुरुस्त केला. दोन वर्षं माझ्या मागे लागली होती. आता पेटतोय आणि घरात कोणी नाही बघायला."

मी म्हटलं, मी आहे की. तो म्हणाला, "तुला धरून नाही म्हणत, हेझल." वाईट अर्थाने नाही म्हणाला.

त्याने आणखी एक सांगितलं, ते मला विचित्र वाटलं. तू रविवारी फोन करतेस तेव्हा एफी जिन्यावर बसून बोलते. तू काय विचारतेस ते त्याला ऐकू येत नाही, पण दर वेळी शेवटी ती म्हणते, "नाही, अजून नाही." आणि फोन ठेवून उड्या मारत खाली येते. तू तिला काय विचारतेस?

शाळेत हा विषय आता माझ्या हातात राहिलेला नाही. आमच्या मुख्याध्यापिका, नेस्बिट बाई, म्हणाल्या, "तू तिची मावशी आहेस. जूनची तपासणी मी घेईन. आणि तोवर बदल दिसला नाही तर सप्टेंबरपासून वाचनाच्या तासाला तिला खाली बसवू, शिशुवर्गात. शिवाय बाहेरून कोणीतरी बोलावून तिची नीट तपासणी करून घेऊ." त्या दुष्ट नाहीत. मी त्यांच्या जागी असते तर हेच केलं असतं.

हे एफीच्या कानावर गेलंय. तिच्या बाकावरची पॉपी तिला म्हणाली, "एफी, तू बाळांच्यात बसणार."

"हो," एफी म्हणाली, जशी काही तिला खिडकीजवळची जागा मिळाली असावी.

मला हे कळत नाही.

हेझल


रविवार, १३ एप्रिल

ब्रायनी,

तुझं कार्ड आलं नाही. तरी लिहिते, कारण एक गोष्ट सिद्ध झाली आहे, आणि ती सिद्ध झाल्यावर माझा गोंधळ आणखी वाढला आहे.

सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी मी एक कार्ड तयार केलं. चित्र एलियनचं, तीन डोळ्यांचा, एकदम अस्सल. शेजारी शब्द 'शिप'. तिने आजवर न पाहिलेलं कार्ड. इतर कार्डांत घुसवून दिलं.

"शॉब," ती म्हणाली. "चेग. क्वीम. थझ." आणि थांबली. कार्ड हातात घेतलं, प्राण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे जरा करुणेने पाहिलं.

"मिस, हा खोटा एलियन आहे."

"का गं?"

"कारण हा नाही." तिने ते कार्ड बाजूला काढून उलटं ठेवलं आणि पुढचं वाचलं.

तुझ्या लक्षात आलं का? तो शब्द खरा आहे हे ओळखण्यासाठी तिला तो आधी वाचावा लागला. मनात, माझ्या डोळ्यांदेखत, क्षणात. म्हणजे तिला वाचता येतं. फक्त जोड्याच नाही, सगळंच येत असणार. आपण वाचू नये असे शब्द ती वाचून ओळखते आणि मग येत नाही म्हणते. वर्गातल्या कोणापेक्षाही तिला हे जड जात असेल. न येण्याचं सोंग वठवायला आधी चांगलं यावं लागतं.

मी नेस्बिट बाईंना सांगितलं. त्यांनी कार्ड बघितलं आणि म्हणाल्या, "हेझल, मला दाखवायला काहीतरी उच्चारलेलं लागतं. तपासणीत गप्प बसणं म्हणजे चूक." बरोबर आहे.

मग मी बाबांकडे गेले. त्यांना मोतीबिंदूसाठी मे महिन्यातली तारीख मिळालीय, हे तुला क्रेगने सांगितलं असेलच. आता पेपर नाकाला लावून वाचतात. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पोरांना पगार घेऊन खोटे शब्द शिकवता आणि वर विचारता, पोरगी खोटं का बोलते."

"बाबा, त्याला शास्त्र आहे."

"असेल. तुझ्या आईने तुम्हा दोघींना सॉसच्या बाटल्यांवर शिकवलं. तीही बिनशास्त्राची बाई नव्हती."

एक प्रश्न आणखी. एफीच्या उशाशी दीपगृहातल्या साळिंदराचं ते जाड पुस्तक आहे. मध्येच तुझी केसांची पिन खोचलेली आहे, साळिंदराचा दिवा विझतो तिथे. मागच्या बुधवारी मी म्हटलं, "पुढे वाचू का मी?" तिने पुस्तक माझ्या हातातून घेतलं, पिन सरकली नाही ना ते पाहिलं आणि परत ठेवलं. "ते आईचं आहे." मग कपाटातून दुसरं काढून दिलं, ससे असलेलं. "तू हे वाच."

मी ससे वाचले.

हेझल


मंगळवार, ६ मे

ब्रायनी,

तीन पत्रांना एक कार्ड. चौथं मी थोडक्यात लिहिते.

बाहेरून येणाऱ्या तज्ज्ञांची तारीख जुलैमध्ये ठरली आहे. क्रेगने सही केली. सही करताना म्हणाला, "तिला काही झालेलं नाही हे तुला माहीत आहे, मला माहीत आहे, आणि सही मीच करतोय." मग बाहेर जाऊन गाडी धुवायला लागला. ती धुतलेलीच होती.

तू का गेलीस हे मला कळत नाही, आणि मी ते विचारत नाही. तिकडे उत्तरेच्या बेटांवर, लर्विकच्या खाणावळीतलं सहा आठवड्यांचं काम अजून का संपलेलं नाही, तेही विचारत नाही. पण एफीच्या वागण्याला कारण आहे आणि ते तुम्हा दोघींमध्ये कुठेतरी आहे, एवढं मला दिसतं. आवाज कुठून येतो ते कळतं आणि काय बोलतायत ते कळत नाही, तसं काहीसं. हॉस्पिटलात माझ्याकडे येणारे लोक असंच सांगायचे. मी त्यांच्या तक्त्यावर खूण करायचे आणि पुढच्या माणसाला बोलवायचे.

आज वर्गात आम्ही एन-जीची जोडी घेतली. पहिलवानाने वजन उचलल्यासारखे हात करून म्हणायची असते. एफीने सगळ्यांत सुंदर म्हटली. मग फळ्यावर मी 'साँग' लिहिलं आणि तिने मान खाली घातली.

हेझल


बुधवार, २८ मे

ब्रायनी,

आता मला कळलं आहे. हे पत्र शेवटपर्यंत वाच, मध्ये फाडू नकोस.

बाबांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डोळ्यावर प्लास्टिकची वाटी चिकटवली आहे. डाव्या डोळ्याचं काम भागवणाऱ्या चष्म्यावर ते स्वतःच बसले आणि तो मोडला. शाळेला आठवड्याची सुट्टी आहे, म्हणून मी एफीला घेऊन दुपारी त्यांच्याकडे जाते. ते स्टॉटी पावात हॅम भरून देतात आणि मी त्यांना पेपर वाचून दाखवते. काल फुटबॉलचं पान चालू होतं. एफी टेबलाखाली होती. अचानक बाहेर आली.

"ग्रँडा, तुला वाचता येत नाही?"

"मला? तुझी आई जन्मायच्या आधीपासून वाचतोय."

"मग मावशी का वाचतेय?"

"डोळ्याला झाकण लावलंय ना माझ्या."

"आणि ते काढल्यावर ती थांबणार?"

"थांबतेय कशाला? फुकटची वाचणारी मिळालीय. आवाजही बरा आहे. जरा मास्तरणीसारखा आहे, पण चालतो."

"पण तुला येतं."

"येतं की."

"येत असलं तरी कोणी वाचून दाखवतं?"

बाबांनी पाव खाली ठेवला. "तुझी आजी मला रोज सकाळी पेपर वाचून दाखवायची. मी चहा करायचो. दोघांनाही दोन्ही यायचं."

एफी बराच वेळ टेबलावरचे पावाचे कण बोटाने टिपत राहिली. मी पेपर खाली ठेवला नाही. ठेवला असता तर तिने बोलणं बंद केलं असतं, हे मला कान तपासायच्या खोलीतून माहीत आहे. बाबांनीही पुढे काही विचारलं नाही.

"आई असं नाही म्हणाली," ती म्हणाली.

"मग कसं?" बाबांनी विचारलं.

"आई म्हणाली, तुला स्वतःला वाचता येईपर्यंत मीच तुला वाचून दाखवणार." मग मला नीट समजावं म्हणून, "येईपर्यंत. आल्यावर नाही."

तू हे तिला निघायच्या आदल्या दिवशी म्हणालीस, ती पिन खोचताना. लाडाने म्हणाली असशील. कोणतीही आई म्हणेल. पण तुझ्या मुलीने तो करार धरला आहे. तिला वाचता येत नाही तोवर तुला परत येऊन ते पुस्तक पुरं करावंच लागणार. ज्या दिवशी तिला येईल, त्या दिवशी तू मोकळी.

"म्हणून तू शब्द वाचत नाहीस?" मी विचारलं.

तिने मान डोलावली.

"पण एलियनचे वाचतेस."

"ते वाचणं नाही. मिस म्हणाल्या, ते खरे शब्द नाहीत."

मिस म्हणाल्या. मी तिच्या समोर बसले होते.

आणि रविवारचं, तेही तिनेच सांगितलं. तू विचारतेस, "आलं का गं वाचता?" ती म्हणते, "नाही, अजून नाही." मग तू "बरं" म्हणतेस. तुझा आवाज त्यावेळी उतरत असेल, पण तिला त्या 'बरं'मध्ये करार शाबूत असल्याचं ऐकू येतं. म्हणून ती उड्या मारत खाली येते. शिशुवर्गात बसायचं म्हणजे तर तिच्या दृष्टीने मुदत वाढली.

संध्याकाळी मी क्रेगला सांगितलं. तो भांडी विसळत होता, नळ तसाच वाहत राहिला.

"मग सांगून टाकू तिला," तो म्हणाला. "आई येणार आहे, येत असलं तरी वाचणार आहे. तपासणीला किती दिवस राहिलेत?"

"येणार आहे का?"

त्याने तीच बशी पुन्हा विसळली.

"क्रेग, ही मुलगी खोट्या एलियनच्या शेजारचा खरा शब्द ओळखते. खऱ्यासारखा दिसणारा खोटा ओळखणार नाही असं वाटतं तुला?"

त्याने नळ बंद केला. "मग तूच काय ते कर. मला बोटींचं कळतं."

म्हणून तुला लिहिते. माझं मागणं अगदी मर्यादित आहे. रविवारी तिला वाचता येतं का हे विचारू नकोस. तिला सांग, की तिला आलं तरी तू तिला वाचून दाखवशील. पण ते खरं असेल तरच सांग. परत यायचं की नाही, क्रेगशी काय करायचं, हे तू ठरवलेलं नसेल, तर ते मध्ये आणू नकोस. फक्त वाचण्याचं सांग. तेही जमणार नसेल तर काहीच बोलू नकोस. ती तपासणीत गप्प बसेल, सप्टेंबरमध्ये लहानांच्यात बसेल, आणि आपण बघू. खोट्या शब्दावर ती पास झालेली मला नको आहे. हे मी शिक्षिका म्हणून लिहीत नाही.

एक गोष्ट लिहिणार नव्हते. तुला लिहिण्याआधी मी दुसरा उपाय करून पाहिला. आज दुपारी, बाबांच्या दारातच, मी एफीला म्हटलं, "तुला वाचता आलं तरी मी तुला रोज वाचून दाखवेन. अगदी तू मोठी झालीस तरी." तिने माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "तू वाचतेसच की," ती म्हणाली.

म्हणजे माझं वाचणं हिशेबातच नव्हतं. हे समजायला मला जरा वेळ लागला.

हेझल


शनिवार, १४ जून

ब्रायनी,

तू मला फोन केलास आणि मी मुद्दाम उचलला नाही, असं समजू नकोस. मी वर्गात होते. परत लावला तेव्हा तुझा बंद होता. आपलं असंच चालायचं बहुतेक. म्हणून पुन्हा पत्र.

इथे काय झालं ते तुला अर्धंच माहीत आहे, कारण तू फोनच्या पलीकडे होतीस. अलीकडचं मी सांगते.

१ तारखेच्या रविवारी क्रेगने मला मुद्दाम बोलावलं होतं. मी आणि तो स्वयंपाकघरात बसलो. एफी जिन्यावर होती. ती फोन कानाला धरून नुसती ऐकत होती. मग म्हणाली, "आलं तरी?" मग, "मोठी झाले तरी?" क्रेग ओटा पुसत होता, त्याने पुसणं थांबवलं. त्यानंतर तिचे पाय वर धावत गेले आणि धावत खाली आले. पिन फरशीवर पडल्याचा आवाज आला. कान तपासणाऱ्या बाईला तेवढा ऐकू येतो.

आणि ती वाचू लागली. साळिंदराचा दिवा विझतो तिथपासून. अडखळत नाही, गात नाही, अगदी सपाट आवाजात, जसं कोणी गेले कित्येक महिने मनात वाचतंय आणि आज फक्त आवाज सुरू केलाय. 'शिप' आलं, 'शोअर' आलं, 'थंडर' आलं. पान संपलं आणि ती म्हणाली, "आता तू."

तुझा आवाज आम्हाला ऐकू आला नाही. मध्येच एफीचं हसू, मध्येच पान उलटल्याचा आवाज. ती तुझ्याबरोबर पानावर बोट फिरवत असणार. तू ते पुस्तक लर्विकच्या वाचनालयातून आणलंस हे तिने नंतर सांगितलं. म्हणजे माझं पत्र मिळाल्यावर, फोन करण्याच्या आधी, तू ते शोधून आणलंस. यावर मला काही म्हणायचं आहे, पण ते कसं म्हणायचं ते मला माहीत नाही.

क्रेग म्हणाला, "ती उन्हाळ्यात येणार म्हणाली का?"

मी म्हटलं, "मला इकडचंच ऐकू येतंय."

"मलाही," तो म्हणाला, आणि मागचा बर्नर पेटवून चहा ठेवला. डबा अजून तुझ्या त्या चुकीच्या फळीवरच आहे. त्याने बरोबर काढला.

तपासणी मंगळवारी झाली. नेस्बिट बाईंनी दार लावून घेतलं होतं. मी शेजारच्या खोलीत मुलांकडून चिकणमातीचे साप करून घेत होते. बाहेर आल्यावर बाईंनी मला बाजूला घेतलं. एफीने खरे शब्द सगळे वाचले. दोन-तीन एलियनच्या नावांना तिने मिळतेजुळते खरे शब्द करून टाकले. एका 'स्ट्रॉम'चं 'स्टॉर्म' केलं आणि वर बाईंना म्हणाली, की याचं नाव लिहिताना चुकलंय. ही चूक कच्ची मुलं करत नाहीत. जी खरोखर वाचायला लागली आहेत, ज्यांना शब्दात अर्थ सापडल्याशिवाय चैन पडत नाही, तीच करतात. मी बाईंना हे समजावायला लागले, तर त्या म्हणाल्या, "हेझल, मी तीस वर्षं शिकवतेय." मग म्हणाल्या, "पास झालीय गं. जुलैचं मी रद्द केलं. जा, साप सुकतायत तुझे."

आता राहिलेलं एक. तू तिला ऑगस्टमध्ये 'बहुतेक' येईन असं सांगितलंस. ती बुधवारी जेवताना मला म्हणाली, "मावशी, बहुतेक हा खरा शब्द आहे की एलियनचा?"

क्रेगने काटा ठेवला.

मी म्हटलं, "खरा आहे. पण त्याचा अर्थ सध्या फक्त आईला माहीत."

तिला हे पटलं. वाटाणे संपवले. यापेक्षा बरं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आणि तुझ्याकडेही आज नसेल तर नसू दे. पण तो शब्द तू वापरला आहेस, तर कधीतरी त्याचा अर्थ लाव.

काल शाळा सुटल्यावर मी तिला बंदरावरून घरी आणत होते. फाटकाबाहेर पाऊल ठेवल्यावर तिने हात दिला. "आता मावशी," असं स्वतःशीच म्हणाली. धक्क्याच्या कोपऱ्यावरच्या दुकानाने पाटी नवी रंगवली आहे, निळ्यावर पांढरी, तुला आवडणार नाही. ती त्यासमोर थांबली.

"वाच ना," ती म्हणाली.

"तुला येतं की."

"येतं."

"मग?"

"तरी वाच."

रस्त्यात लोक होते. रांगेत तुझा जुना शेजारी होता, तो मान वर करून बघत होता. मी वाचली. 'फिश अँड चिप्स'. श् ला ओठांवर बोट ठेवलं आणि च् ला हात फिरवले, सवयीने.

"बरोबर," एफी म्हणाली, आणि आम्ही रांगेत उभ्या राहिलो.

हेझल